जाळी काढू नका, खाली घ्या

रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्यातून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. पत्र लहानसे आहे. परंतु त्यातील प्रश्न अनेक घरांचा असल्यामुळे या वेळचे सदर त्यासाठीच राखून ठेवले आहे.

मे महिन्यात त्यांच्या मूळ घरी चार भावांची कुटुंबे एकत्र येतात. लहानथोर मिळून अठरा माणसे. त्यांचा थोरला मुलगा महाविद्यालयाच्या संघातून व्हॉलीबॉल खेळतो. तीन वर्षांपूर्वी त्याने घरासमोरच्या खळ्यात पोफळीचे दोन खांब रोवले आणि मोजपट्टी लावून बरोबर २.४३ मीटर उंचीवर जाळी बांधली. पहिल्या वर्षी सगळे हौसेने खेळले. दुसऱ्या वर्षी मुली आणि काकू कडेला बसू लागल्या. चेंडू आपल्या वाट्याला येतच नाही, अशी त्यांची तक्रार होती. गेल्या वर्षी आग्रहाखातर उतरलेल्या धाकट्या जाऊबाईंच्या अनामिकेच्या टोकावर चेंडू आदळला. कोणीतरी ते बोट ओढून ‘बसवले’. महिन्याभराने बोटाचे टोक खाली वाकलेलेच राहिले आहे हे ध्यानात आले, आणि ते आजही तसेच आहे. धाकट्या दिरांना लहानपणी पोलिओ झाला होता. ते पहिल्या दिवसापासून खुर्चीत बसून गुण मोजतात. सासूबाईंचे वय एकाहत्तर. “यंदा ती जाळी काढून टाका, घरात कोणाचे हातपाय मोडायला नकोत,” असे त्यांनी बजावले आहे. मुलगा रुसला आहे. जाळी काढावी का, एवढाच ताईंचा प्रश्न आहे.

ताई, जाळी काढू नका. खाली घ्या. सासूबाईंची भीती अनाठायी नाही. पण दोष खेळाचा नसून, पंचवीस वर्षांच्या खेळाडूंसाठी आखलेले नियम अठरा जणांच्या कुटुंबाला जसेच्या तसे लावण्याचा आहे. चिरंजीवांना हे पटवायचे असेल तर त्यांच्याच खेळाचा इतिहास त्यांच्यापुढे ठेवावा लागेल.

व्हॉलीबॉलचा जन्म १८९५ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील होल्योक या गावी झाला. तेथील वायएमसीए या संस्थेत विल्यम मॉर्गन हे शारीरिक शिक्षणाचे संचालक होते. चारच वर्षांपूर्वी जवळच्या स्प्रिंगफील्डमध्ये जेम्स नायस्मिथ यांनी बास्केटबॉल शोधून काढला होता आणि तरुणांमध्ये तो झपाट्याने पसरत होता. मॉर्गन यांच्या वर्गाला मात्र मध्यमवयीन व्यापारी येत. दिवसभर पेढीवर बसून थकलेल्या त्या मंडळींना बास्केटबॉलची धावपळ आणि धक्काबुक्की झेपेना. अंगाला अंग लागणार नाही, फार धावावे लागणार नाही, पण व्यायाम होईल आणि मनही रमेल, असा काही खेळ त्यांच्यासाठी हवा होता. मॉर्गन यांनी टेनिसची जाळी घेतली, ती ६ फूट ६ इंच उंच बांधली आणि चेंडू जमिनीवर पडू न देता पलीकडे टोलवायचा खेळ सुरू केला. बास्केटबॉलचा चेंडू जड पडला, त्यातला नुसता रबरी फुगा फारच हलका. म्हणून नवा, हलका चेंडू मुद्दाम बनवून घेण्यात आला.

त्या मूळ नियमांकडे आज पाहिले तर मौज वाटते. दोन्ही बाजूंना कितीही खेळाडू चालत. चेंडू पलीकडे जाण्यापूर्वी त्याला कितीही स्पर्श चालत. पहिली सर्व्हिस चुकली तर दुसरी संधी मिळे. खेळाचे नावही ‘मिंटोनेट’ असे होते. ‘व्हॉलीबॉल’ हे नाव पुढच्या वर्षी मिळाले. म्हणजे ज्या खेळाच्या जाळीपुढे तुमच्या घरातील निम्मी माणसे आज बाजूला बसली आहेत, तो खेळ मुळात बाजूला बसण्याची वेळ आलेल्या माणसांसाठीच निर्माण झाला होता.

पुढे खेळ पसरला, तरुणांच्या हाती गेला आणि बदलत गेला. फिलिपिन्समध्ये १९१६ च्या सुमारास एकाने चेंडू उंच उचलून द्यायचा आणि दुसऱ्याने उडी मारून तो खाली ठोकायचा, ही पद्धत रूढ झाली. आपण ज्याला लिफ्ट आणि स्मॅश म्हणतो ती हीच. अशा जोरकस खेळाला आवर घालण्यासाठी आणि तो नेटका राहण्यासाठी नियमही कडक झाले. एका बाजूला सहा खेळाडू, तीन स्पर्शांत चेंडू पलीकडे, एकाच खेळाडूचे लागोपाठ दोन स्पर्श नाहीत. १९४७ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळाचा समावेश झाला. आज मैदान १८ मीटर लांब व ९ मीटर रुंद असते. जाळी पुरुषांसाठी २.४३ मीटर आणि स्त्रियांसाठी २.२४ मीटर उंच. चेंडूचे वजन २६० ते २८० ग्रॅम. पूर्वी सर्व्हिस करणाऱ्या बाजूलाच गुण मिळे, त्यामुळे सामने लांबत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती पद्धत गेली आणि प्रत्येक फेरीला कोणत्या तरी बाजूस गुण मिळू लागला. चार डाव २५ गुणांचे, पाचवा लागलाच तर १५ गुणांचा, आणि जिंकण्यासाठी दोन गुणांची आघाडी.

यातला एक नियम मात्र कुटुंबातही मुळीच सोडू नये. तो म्हणजे फिरतीचा, अर्थात रोटेशनचा. प्रतिपक्षाची सर्व्हिस मोडून ती आपल्याकडे आली की सर्व खेळाडूंनी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एकेक जागा पुढे सरकायचे. त्यामुळे प्रत्येक जण केव्हा ना केव्हा जाळीपाशी येतो, प्रत्येक जण मागे जातो आणि प्रत्येकाला सर्व्हिस मिळते. कोणी कायमचा स्मॅश मारणारा आणि कोणी कायमचा चेंडू आणून देणारा, असे होत नाही. तुमच्या पत्रावरून असे दिसते की, जाळीची उंची नियमाप्रमाणे ठेवली गेली, पण फिरतीचा नियम पाळला गेला नाही. चेंडू काकूंपर्यंत न येण्याचे कारण तेच असावे.

उंचीच्या बाबतीत नियमपुस्तकही चिरंजीवांना वाटते तितके ताठर नाही. आंतरराष्ट्रीय नियमांतच वाळूवरच्या खेळासाठी सोळा वर्षांखालील मुलांकरिता २.२४ मीटर, चौदाखालील मुलांकरिता २.१२ मीटर आणि बाराखालील मुलांकरिता २ मीटर जाळी सांगितली आहे. तेव्हा जाळी खाली घेणे म्हणजे खेळ बिघडवणे नव्हे. खेळणाऱ्याच्या अंगाला खेळ बेतणे होय. निरनिराळ्या ठिकाणच्या लोकांनी हे कसे केले आहे ते पाहण्याजोगे आहे.

जपानमध्ये गृहिणींच्या व्हॉलीबॉलची मोठी परंपरा आहे. त्यात एका बाजूला नऊ जणी खेळतात. ज्या घरांत माणसे जास्त, त्यांनी ‘सहाच का?’ असा प्रश्न पडू देण्याचे कारण नाही. या प्रकारात फिरती नसते, हे मात्र आपल्या कामाचे नाही. पण सर्व्हिस चुकली तर दुसरी संधी मिळते, ही मॉर्गन यांची जुनी सोय तेथे टिकून आहे. नवशिक्यांना आणि मुलांना तिचा फार आधार वाटतो. त्याच देशात सॉफ्ट व्हॉलीबॉल नावाचा आणखी एक प्रकार आहे. बॅडमिंटनएवढे मैदान, प्रत्येक बाजूला चार खेळाडू, मऊ रबरी चेंडू. हा चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा मोठा, सुमारे ७८ सेंटिमीटर घेराचा, पण वजनाने हलका, सुमारे २१० ग्रॅम. तो हवेतून सावकाश येतो आणि बोटांवर आदळला तरी मार बसत नाही. जाळीची उंची २ मीटर. मॉर्गन यांची ६ फूट ६ इंचांची जाळी म्हणजे १.९८ मीटर. कुटुंबांना खेळता येईल असा खेळ शोधता शोधता माणसे पुन्हा मूळ उंचीपाशीच येऊन पोहोचली.

चेंडू टोलवण्याचीच ज्यांना भीती वाटते, त्यांच्यासाठी झेलून फेकण्याचे प्रकार आहेत. आपल्याकडे शाळाशाळांतून मुली खेळतात तो थ्रोबॉल यांपैकीच. १९४० च्या दशकात मद्रासच्या वायएमसीएमधून तो भारतात रुजला. चेंडू दोन्ही हातांनी झेलायचा आणि तीन सेकंदांच्या आत, खांद्याच्या वरून, एका हाताने पलीकडे फेकायचा. यात उडी नाही, स्मॅश नाही. जाळीच्या दोन्ही बाजूंना दीड मीटरचा पट्टा मोकळा ठेवलेला असतो, त्यामुळे समोरासमोरचे खेळाडू एकमेकांच्या पायांवर येत नाहीत. ताई, तुम्ही किंवा तुमच्या जावांपैकी कोणी शाळेत थ्रोबॉल नक्कीच खेळला असाल. हातांना तो आठवेल. इस्राएलमध्ये याच जातीच्या ‘कॅचबॉल’ने मुलांच्या आयांना मैदानावर आणले, शाळांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या त्यांच्या संघांच्या स्पर्धा २००५ पासून होतात.

आता तुमच्या दिरांविषयी. व्हॉलीबॉल बसून खेळता येतो आणि तो करमणुकीपुरता केलेला फेरफार नाही. ती स्वतंत्र, रीतसर क्रीडा आहे. नेदरलँड्समध्ये १९५६ मध्ये तिची सुरुवात झाली आणि १९८० पासून ती पॅरालिंपिकमध्ये आहे. स्त्रियांचा गट २००४ मध्ये अथेन्सला आला. मैदान १० मीटर लांब व ६ मीटर रुंद, जाळी पुरुषांसाठी १.१५ मीटर आणि स्त्रियांसाठी १.०५ मीटर. चेंडू खेळताना खांद्यापासून नितंबापर्यंतच्या शरीराचा काही भाग जमिनीला टेकलेला असला पाहिजे, हा मुख्य नियम. उभ्या खेळात सर्व्हिस अडवता येत नाही, येथे ती जाळीपाशी अडवता येते. हातांवर भार देत सरकत राहावे लागत असल्याने दंड, खांदे आणि पोटाचे स्नायू यांना चांगलेच काम पडते. दोन्ही पाय धडधाकट असलेला तुमचा मुलगा या खेळात पहिल्या दिवशी हमखास मागे पडेल, कारण उडी मारण्याची त्याची शक्ती येथे उपयोगी नाही. वर्षानुवर्षे हातांच्या बळावर वावरलेल्या काकांकडून त्याला शिकावे लागेल. काकांनी मात्र खेळण्यापूर्वी खांद्यात जुनी दुखणी नाहीत ना, हे एकदा तपासून घ्यावे आणि जमिनीवर सतरंजीऐवजी न घसरणारी जाड चटई घ्यावी.

सासूबाईंनाही कडेला बसवू नका. गुडघ्यांमुळे त्यांना जमिनीवर बसता येत नसेल, तर पाठ असलेल्या भक्कम खुर्च्या समोरासमोर मांडा, मध्ये छातीएवढ्या उंचीवर दोरी बांधा आणि फुगा किंवा समुद्रकिनाऱ्यावर मिळणारा हवेचा हलका चेंडू घ्या. खुर्ची घसरणारी किंवा हलणारी नको, आणि चेंडूसाठी उठायचे नाही हा नियम पक्का हवा. नजर, हात आणि श्वास यांचा मेळ राखण्याचा हा सुरेख व्यायाम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, मुलांनी व किशोरांनी सरासरी रोज ६० मिनिटे. ज्येष्ठांसाठी तोल व स्नायूंचे बळ राखणारे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी सांगितले आहेत, कारण पडण्याचा धोका त्यामुळे कमी होतो. खळ्यातला संध्याकाळचा एक तास यात चांगली भर घालील. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, हाडांची ठिसूळता किंवा नुकतीच झालेली डोळ्यांची शस्त्रक्रिया असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून कोणीही उतरू नये.

आता जखमांकडे वळू, कारण सासूबाईंचा मुद्दा तोच आहे. व्हॉलीबॉलमध्ये सर्वाधिक आढळणारी इजा घोट्याची. उडी मारून उतरताना पाय जाळीखाली सरकतो, समोरच्याच्या पावलावर पडतो आणि घोटा मुरगळतो. थ्रोबॉलमधला मोकळा पट्टा आपल्या खळ्यातही आखला तर हा धोका पुष्कळ कमी होतो. जाळीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन हातांवर रांगोळीची रेघ ओढा; ती कोणी ओलांडायची नाही. खळ्याची जमीन कठीण असते, म्हणून उड्या कमीच बऱ्या. अनवाणी न खेळता मागून बंद असलेले, न घसरणारे बूट घाला. तुळशीवृंदावन, गडगा, विहिरीचा काठ यांपासून मैदानाच्या कडेचे अंतर तीन मीटर तरी असावे. वर पाहत मागे धावणाऱ्या माणसाला मागचे काहीच दिसत नाही. तेवढी जागा मिळत नसेल तर मैदान लहान करा.

दुसरी इजा बोटांची. अंगठ्या आणि काचेच्या बांगड्या काढून ठेवल्यावाचून कोणी चेंडूला हात लावू नये. अंगठी जाळीत किंवा दोरीत अडकली तर बोटाला फार गंभीर दुखापत होऊ शकते. बोटावर मार बसल्यास ते ओढू नये, चोळू नये, ‘बसवू’ नये. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावावा, हात उंच ठेवावा. मग एक साधी तपासणी करावी. बोटाचे शेवटचे पेर स्वतःच्या बळाने सरळ करता येते का? येत नसेल, पेर खाली लोंबत असेल, तर टोक उचलणारा स्नायूबंध तुटला असण्याचा किंवा तेथले हाड मोडले असण्याचा संभव असतो. असे बोट सरळ स्थितीत आधार देऊन बांधावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून क्ष-किरण तपासणी करावी. वेळेवर उपचार झाला तर बहुतेकदा शस्त्रक्रियेची गरज पडत नाही. सहा ते आठ आठवडे पट्टी सतत लावून ठेवावी लागते, आणि त्या काळात ती काढताना एकदाही टोक वाकू देता येत नाही. तुमच्या जाऊबाईंचे बोट बहुधा याच प्रकारचे असावे. पण पत्रावरून निदान करणे बरोबर नाही. वर्ष उलटले म्हणून आता काही होणार नाही असे गृहीत न धरता त्यांनी अस्थिरोगतज्ज्ञांना जरूर दाखवावे.

खेळापूर्वी दहा मिनिटे अंग मोकळे करावे. खळ्याभोवती चालणे, घोटे व मनगटे फिरवणे, खांदे गोल फिरवणे, खुर्चीला धरून अर्ध्या बैठका. मे महिन्यात पाचच्या आत सुरुवात करू नये. अधूनमधून पाणी किंवा मीठ घातलेले कोकम सरबत घ्यावे. चक्कर, छातीत जडपणा किंवा नेहमीपेक्षा अधिक धाप वाटली की खेळ तेथेच थांबवावा.

या साऱ्यातून तुमच्या खळ्यासाठी असे नियम सुचवतो. जाळी २ मीटर. मऊ, मोठा चेंडू. प्रत्येक बाजूला आठ-नऊ माणसे आणि न चुकता फिरती. सर्व्हिसला दोन संधी. लहानांनी व ज्येष्ठांनी ती हवी तितक्या जवळून करावी. दहा वर्षांखालील मुलांना आणि साठीपुढील मंडळींना चेंडू झेलून फेकण्याची मुभा. पलीकडे जाण्यापूर्वी किमान तीन वेगवेगळ्या माणसांचा स्पर्श झालाच पाहिजे. वरची मर्यादा नाही. स्मॅश बंद. डाव १५ गुणांचा. एक दिवसाआड जाळी कमरेच्या थोडी वर बांधायची आणि सर्वांनी बसून खेळायचे. खेळताना कोणी वैतागले, तर नियम सर्वांनी मिळून दुसऱ्या दिवशी बदलायचा, चालू डावात नाही.

चिरंजीवांना वाटेल की हा खेळ पोरकट झाला. त्यांना केरळच्या जिमी जॉर्ज यांच्याविषयी सांगा. कण्णूर जिल्ह्यातील पेरावूरचे हे खेळाडू भारतीय व्हॉलीबॉलमधील सर्वांत मोठ्या नावांपैकी एक. १९७६ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, पुढे ते इटलीतील व्यावसायिक संघांतून खेळले. त्यांना खेळाचे पहिले धडे वडिलांनी दिले, आणि आठही भाऊ व्हॉलीबॉल खेळत. घरच्या खेळाने मोठा खेळाडू लहान होत नाही. आणि चिरंजीवांना पूर्ण उंचीची जाळी हवीच असेल, तर सकाळी सहा वाजता गावातल्या मित्रांना बोलावून ती खुशाल वर चढवावी. खांबांना दोन आकडे बसवले की काम झाले.

ताई, सासूबाईंना हे सदर वाचून दाखवा आणि जाळी बांधताना उंची त्यांनाच ठरवू द्या. मे महिना सरला की कसे झाले ते कळवा. आणि हो, यंदा गुण मोजायला खुर्चीत चिरंजीवांना बसवा. दिरांची जागा पहिल्या डावापासून मैदानात असू द्या.